शुद्धिपत्र

मन्मथ बिडवे आमदार झाला त्याच्या आधी
पूर्णा जंक्शनवर त्याला सगळे सेक्रेटरी म्हणत,
तालुका फुटबॉल संघटनेचा, तहहयात,
कारण ते पद दुसऱ्या कुणी मागितलंच नाही.
संघटना म्हणजे एक लोखंडी कपाट,
सात चेंडू, त्यातले चार पिचके,
आणि नांदेडला जायच्या भाड्याचा हिशेब
बिडीच्या पुडक्याच्या आतल्या कागदावर.

साप्ताहिकाचं नाव 'जंक्शन'. दर शुक्रवारी चार पानं.
मी त्याचा मुद्रितशोधक, लतीफ,
रविवारी लाइन्समन.
दोन्हीकडं काम एकच, चुकलं की हात वर.
लोक हसायचे, वेलांट्या मुसलमानाच्या ताब्यात.
मन्मथ म्हणायचा, वेलांटीला जात पुसायची आपली रीत नाही.
मजुरी मात्र दोन दोन महिने थकवायचा.

शहाण्णवची फायनल, रेल्वे ग्राउंड, समोर परभणी.
शेवटच्या मिनिटाला आमच्या जिलानीनं गोल घातला,
शेडमधल्या इंजिनाचा भोंगा वाजवला कुणीतरी,
आणि मी झेंडा वर धरला.
ऑफसाइड.
हातभरच, पण होता.

रात्री छापखान्यावर दगड आले.
एक खिळ्यांच्या खणात पडला,
'क्ष' तेवढे सगळे फुटले.
शुक्रवारी पहिल्या पानावर मन्मथनं लिहिलं:
लतीफचा झेंडा बरोबर होता. मी पाहिलं आहे.
त्या अग्रलेखात साक्ष हा शब्द नाही,
पक्ष नाही, क्षमा तर नाहीच.
एकेक शब्द चाळून घेतलेला.
माझ्याकडं तो अंक अजून आहे, वाळवीनं कोपरा खाल्लाय.

मग दोन गाड्यांतून ती माणसं आली,
ज्यांच्या बंधाऱ्यातल्या सिमेंटावर
त्यानं अकरा वर्षं लिहिलं होतं.
चहा झाला. परत एकदा झाला.
मला बाहेर बोलावून म्हणाला,
"पोरांना बूट पाहिजेत, ग्राउंडाला कुंपण पाहिजे.
लिहून लिहून किती लिहावं?
आत गेल्याबगर होत नाही, लतीफ."
"मग मला कामून विचारता?"
"सवय," म्हणाला.

प्रचाराचं पत्रक तपासायला माझ्याकडंच आलं.
'शेकडो राष्ट्रीय खेळाडू घडविले.'
मी मोजले. एक.
जिलानीचा पुतण्या, तोही राखीव.
वेलांट्या नीट केल्या,
शेकडोखाली रेघ ओढून समासात प्रश्नचिन्ह टाकलं.
छापून आलं तेव्हा वेलांट्या बरोबर होत्या.

मत मी त्यालाच दिलं.
बाहेर येऊन बोटावरची शाई बघत बसलो,
पहिल्या प्रूफासारखी, कडेला फुटलेली.

बूट आले, हे सांगायला हवं.
चाळीस जोड, खरे, चामड्याचा वास असलेले.
कुंपणही आलं, अर्ध्या ग्राउंडाला.
उरलेल्या अर्ध्यात क्रीडा संकुल होणार,
म्हणून कोनशिला बसवली, उजव्या कॉर्नरपाशी,
काळा दगड, सोनेरी अक्षरं,
नावं अकरा, त्यात खेळलेलं कुणी नाही.
आणि पहिल्याच ओळीत 'फूटबॉल'.
दीर्घ.

रात्री अकराला फोन वाजला,
पान सोडायची वेळ. मुंबईहून बोलत होता.
"काही चुकलं का रे?"
मी म्हणालो, "एक उकार."
जरा वेळ नुसती त्याच्या खोलीतली माणसं ऐकू आली.
मग हसला. "दगड आहे तो, आता काय करतोस."
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
त्यानं शुद्धिपत्र छाप म्हटलं नाही.

रविवारी चुन्याचा डबा घेऊन निघालो.
गोलपोस्टापासून सरळ येत येत
रेघ कोनशिलेच्या ओट्याला भिडली.
पोरं थांबून बघत होती, काकू आता काय करतात चाचा.
वळसा घातला असता तर मैदान वाकडं झालं असतं.
मी डबा उचलला,
ओट्यावरून पलीकडं ठेवला,
आणि तिथून पुढं तीच रेघ ओढली.